मुटकू

मुटकूचं मूळ पश्चिम आफ्रिकेतलं. तिथल्या गवताळ रानातला हा जीव मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये सुखाने ठेवायचा, तर सगळं येऊन थांबतं पाण्यावर. मुटकू हा साप, बॉल पायथन जातीचा. बिनविषारी. लांबी चारेक फूट, अंग मनगटाएवढं जाड, काळपट तपकिरी रंगावर सोनेरी ठिगळं. जरा बिचकला की डोकं आत घ्यायचा आणि अंगाचं मुटकुळं करून बसायचा. नाव लेकीने ठेवलं, ते त्यावरूनच.

आला तेव्हा तो पूर्ण वाढलेला होता. परदेशी निघालेल्या एका नातेवाइकाने सोडलेला. आपले नाग, धामण, अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरात ठेवता येत नाहीत. मुटकू परदेशी जातीचा, त्यामुळे त्याचा नियम वेगळा. केंद्र सरकारने जून २०२०मध्ये असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची मुभा दिली, तेव्हा आम्ही त्याची माहिती कळवली. पुढे २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंदही केली.

पण कागदांच्या आधी त्याच्या अंगाकडे बघावं लागलं. जुनी कात ठिकठिकाणी चिकटून राहिली होती. शेपटीच्या टोकाला तिची कडी बसली होती आणि हनुवटीखाली काळे ठिपके हलत होते. पशुवैद्यांनी भिंगातून बघितलं आणि सांगितलं, हे ठिपके म्हणजे रक्त पिणारे माइट. शेपटीची कडी वेळेवर निघाली नाही तर रक्तपुरवठा तुटून टोक मरतं. माइटवर त्यांनी औषध दिलं आणि कातीसाठी अंघोळ सांगितली. बजावलंही, की सापाला रोज न्हाऊ घालायचं नसतं. निरोगी साप स्वच्छच असतो. त्याला पाण्यात सोडायचं ते अडलेली कात, माइट किंवा अंगाला लागलेली घाण असेल तेव्हाच.

त्याच्या अंघोळीचं सामान वेगळं होतं: झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा मोठा डबा, एक थर्मामीटर, दोन जुने पंचे. स्वयंपाकघराची मोरी आणि घरातल्या बादल्या त्याला वर्ज्य, कारण सापांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. आपल्या हाताला कोमट लागतं ते पाणी त्याला जास्त होतं. त्याला हवं अठ्ठावीस ते तीस अंशांचं, म्हणजे हाताला किंचित गारच लागणारं. त्याचं रक्त आपल्यासारखं स्वतःची ऊब धरत नाही. पाणी जसं, तसा तो. पाण्याची खोली त्याच्या अंगाच्या निम्म्या जाडीएवढी, म्हणजे डोकं सहज वर राहतं. साबण, शाम्पू काही नाही. पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ डब्यापाशी कुणीतरी बसलेलं. खाल्ल्यावर दोन दिवस तर त्याला उचलायचंसुद्धा नाही, नाहीतर गिळलेलं भक्ष्य बाहेर टाकतो.

उचलण्याआधी मी साबणाने हात धुवायची. हाताला कोंबडीचा वास राहिला तर साप त्याला खाणं समजू शकतो. नंतरही धुवायचे, ते आपल्यासाठी. एक हात अंगाच्या पुढच्या तिसऱ्या भागाखाली, दुसरा मागे. मान धरायची नाही. पाण्यात सोडला की आधी स्तब्ध राहायचा. मग जीभ लपलपायची, मग डब्याच्या कडेने एक संथ फेरी, आणि बऱ्याचदा मध्येच थांबून पाणी प्यायचा. जबड्याच्या कडा किंचित हलताना दिसायच्या. त्या पाण्यात तो हमखास विष्ठा करायचा, सोबत खडूसारखा पांढरा गोळा. ती त्याची लघवी. शरीरातलं पाणी वाचवायला साप ती घट्ट करून टाकतात. मग पाणी बदलायचं, आणि वापरलेलं सरळ संडासात.

आता आमच्या शहरात पाणी बदलायचं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय जवळच पैठणला, पण नळाला पाणी यायचं ते कित्येक दिवसांच्या आड. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरी खोदून ज्या गावाला पाणी दिलं, त्या गावात आम्ही ड्रम भरून ठेवतो. ते साठवणीचं पाणी मुटकूच्या मात्र सोयीचं. एक-दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरिनचा वास उडून जायचा. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तरी त्याची अर्धी बादली बाजूला निघायचीच.

अंघोळीनंतरचं काम जास्त हळुवार. ओल्या पंच्याची सैलसर घडी हातात धरायची आणि त्याला तिच्यातून सरपटू द्यायचं. कापडाच्या घर्षणाने मऊ झालेली कात आपोआप सुटते. ओढायची नाही, विशेषतः डोळ्यावरची. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही बदलतो. नखाने काढायला गेलं तर डोळाच जायचा. मुटकूच्या उजव्या डोळ्यावर असा एक जुना पापुद्रा राहिला होता. आम्ही हात लावला नाही. पुढच्या खेपेला तो नव्या कातीबरोबर आपणहून गेला आणि शेपटीची कडीही त्याआधीच ओलाव्याने सैल होऊन निघाली होती.

नंतर लक्षात आलं, की अंघोळीची गरज पडू न देणं हीच खरी निगा. त्याच्या पेटीत नर्सरीतला ओलसर कोकोपीट भरलेला, भोक पाडलेला डबा ठेवला. अंग मळकट दिसू लागलं, डोळे दुधाळ निळे झाले, की तो स्वतःच त्या डब्यात जायचा. चार-पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ, आणि थोड्याच दिवसांत खडबडीत लाकडावर ओठ घासायला सुरुवात. कात ओठांपासून सुटायची आणि पायातून मोजा उलटा निघावा तशी सबंध निघायची. मे महिन्यात कूलरची ओली हवा पेटी ठेवलेल्या खोलीला उपयोगी पडायची. पेटी पुसायला व्हिनेगर घातलेलं पाणी. फिनेल आणि डांबरगोळ्या घरातून कायमच्या गेल्या, कारण त्यांची वाफही सापाला बाधते.

शेजारच्या आजींनी पहिल्या वर्षी बजावलं होतं, "हे घरात ठिऊ नको बाई." त्याच आजी एकदा उन्हाळ्यात अंघोळीच्या वेळी येऊन बसल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "त्याला बी जीव हाय. उकडतंच असंल की." पुढे नागपंचमीला गल्लीत टोपली घेऊन कुणी आलं, तर दूध आणणाऱ्या बायकांना त्याच थांबवायच्या: "साप दूध पीत नसतो. तहानलेला ठेवलाय म्हणून तोंड लावतो बिचारा." नाकपुडीत कुंकू गेलं की त्याला श्वास घेता येत नाही, हेही त्या सांगायच्या. हे सगळं त्यांनी मुटकूच्या डब्यापाशी बसून जाणलं होतं. एका पावसाळ्यात मागच्या गटाराजवळ धामण निघाली, तेव्हा पोरांनी दगड उचलले नाहीत. लांब उभं राहून सर्पमित्राला फोन केला.

गेल्या हिवाळ्यात मुटकू म्हातारपणाने गेला. पोर्टलवर तेही कळवलं. त्याने मला कधी ओळखलं की नाही, हा प्रश्न मला पडला नाही. माझा हात त्याला ऊब आणि आधार वाटला, एवढं पुरे होतं.

आता कुणी साप पाळण्याबद्दल विचारायला आलं, की मी आधी आमच्या शहरातल्या सिद्धार्थ उद्यानातलं सर्पालय बघून यायला सांगते. तिथे काचेपलीकडे निवांत पडलेला जीव बघूनही मन भरलं नाही, तर मग विचारते: वीस-पंचवीस वर्षं निभवाल का? टंचाईत त्याची अर्धी बादली राखाल का? त्याच्या अंगावर अडलेलं काही दिसलं तर ते ओढून न काढता पाणी देऊन थांबाल का? तिन्हींना मनापासून हो म्हणता येत असेल, तरच पुढचं बोलू.