हिशेब माझा होता

फेब्रुवारी २०२२च्या मध्यावर मी एका लेखात ठासून लिहिलं होतं की युद्ध होणार नाही. युक्रेनच्या सीमेवर लाखाहून जास्त रशियन सैनिक उभे होते आणि मला ती सौदेबाजी वाटत होती. निर्बंध बसतील, युरोपशी असलेला गॅसचा धंदा बुडेल, माणसं मरतील, असा जमाखर्च मांडून पुतीन यांच्या वतीने मीच निर्णय देऊन मोकळा झालो.

त्यांचा स्वतःचा हिशेब तर उघड्यावर होता. रशियन आणि युक्रेनी एकच लोक आहेत, असं त्यांनी जुलै २०२१मध्ये लांबलचक लेख लिहून सांगितलं होतं. मी तो घरगुती प्रचार समजून बाजूला सारला. डिसेंबरात रशियाने कराराचे मसुदेच जाहीर केले : नाटोने विस्तार थांबवावा, १९९७नंतर पूर्वेकडे नेलेलं सैन्य मागे घ्यावं. जानेवारीअखेर जखमींसाठी रक्तसाठा सीमेजवळ आणल्याची बातमी आली. सौदेबाजीला रक्ताच्या पिशव्या कशाला लागतात, एवढा साधा प्रश्नही मला पडला नाही.

दुसरी चूक त्याहून जुनी. २००८च्या बुखारेस्ट परिषदेत नाटोने युक्रेनला सदस्यत्वाचं आश्वासन दिलं, त्यावर बोट ठेवून मी सगळं खापर पश्चिमेवर फोडत आलो. पण १९९४मध्ये युक्रेनने अण्वस्त्रं सोडली, तेव्हा त्याच्या सीमांचा मान राखू, असं रशियानेही लिहून दिलं होतं. २०१४मध्ये क्रिमिया घेतला, तिथेच ते लिखाण फाटलं. शेजाऱ्यांनाही स्वतःची भीती असते, हे मी जमेस धरलंच नाही. रशियाशी १,३४० किलोमीटरची सीमा असलेला फिनलंड एप्रिल २०२३मध्ये नाटोत गेला, तो त्याच भीतीपोटी.

लेख चुकला तर शाई वाया जाते. पण खारकीवला मेडिकलला असलेल्या एका मुलाच्या वडिलांचा मला फोन आला होता. “सर, दूतावासाने विद्यार्थ्यांना निघायला सांगितलंय. पोराला बोलावून घेऊ का?” मी म्हणालो, “घाबरू नका, उगाच परीक्षा बुडेल.” २४ फेब्रुवारीला हल्ला झाला, कीव्हला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परतलं. मुलाने तळघरात रात्री काढल्या आणि पुढे सीमा ओलांडून तो सुखरूप घरी आला. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

म्हणून वाचकांना एवढंच सांगतो : दूतावास ‘निघा’ म्हणत असेल आणि माझ्यासारखा कोणी ‘थांबा’ म्हणत असेल, तर आधी तिकीट काढा. आमचे लेख नंतर वाचता येतात.