इंदूरच्या जुन्या बागा : प्रवासाची दैनंदिनी, भाग 2

पहिला दिवस : लालबाग

लालबाग राजवाडा आणि त्याचे आवार खान नदीच्या काठी सुमारे 28 हेक्टरांवर पसरले आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या अखेरच्या काळात, 1886 मध्ये, बांधकामाला हात लागला. शिवाजीरावांनी ते पुढे नेले आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या वेळी, 1921 मध्ये, ते पुरे झाले. दर्शनी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावर बेतलेले, ओतीव लोखंडाचे. इंग्लंडात घडवून ते जहाजाने मुंबईला उतरवले आणि तिथून इंदूरला आणले. मुदपाकखाना नदीपलीकडे होता आणि भुयारी वाटेने वाड्याशी जोडलेला होता. एके काळी इथल्या गुलाबांचे मोठे नाव होते.

1978 पर्यंत हे होळकरांचे निवासस्थान होते. पुढे वाडा सरकारकडे आला, त्याचे संग्रहालय झाले आणि आवारात माळवा उत्सव भरू लागला. राजांच्या बागा लोकांना मिळण्याची ही रीत युरोपातही जुनीच. डेन्मार्कच्या चौथ्या क्रिस्तियानने सतराव्या शतकाच्या आरंभी कोपनहेगनमध्ये रोझेनबोर्ग वाड्यालगत लावलेल्या बागेतील हिरवळीवर आज शहरवासी उन्हाळ्यात ठाण मांडून बसतात. लालबागेला मात्र वाड्याइतकी निगा क्वचितच लाभली. खरे तर पाहण्यासारखी जागा ही झाडांखालचीच आहे.

दुसरा दिवस : नेहरू पार्क आणि नदीकाठ

नेहरू पार्क हे शहरातले सर्वांत जुने उद्यान मानले जाते. इंग्रजांनी केलेले हे ‘बिस्को पार्क’ स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यासाठी तासभर पुरे.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी नदीकाठी मात्र पॅट्रिक गेडिस आठवतो. तिसऱ्या तुकोजीरावांनी बोलावलेल्या या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 मध्ये शहराच्या विकासावर दोन खंडांचा अहवाल दिला. खान आणि सरस्वती या नद्या गटारे होऊ नयेत, त्यांच्या काठी बागा असाव्यात, हा त्याचा आग्रह. प्लेगच्या त्या दिवसांत त्याने दिवाळीला मिरवणूक काढली, तीही जे रस्ते लोकांनी सर्वांत स्वच्छ केले होते त्यांवरून. घाणीच्या राक्षसाची स्वारी निघाली आणि तुळशीची रोपे वाटली गेली. अहवालांना वाचक नसतात, मिरवणुकीला असतात, हे त्याने चांगले ओळखले होते.

तिसरा दिवस : माणिकबाग

दुसऱ्या यशवंतरावांसाठी बर्लिनच्या एकार्ट मुथेसियसने 1930 ते 1933 दरम्यान माणिकबाग राजवाडा उभारला. त्या वेळी हा वास्तुकार अवघ्या पंचविशी-तिशीतला होता. राजवाड्याच्या बागेत ध्यानमंदिर बांधावे, मध्ये पाण्याचा हौद आणि भोवती कोन्स्टान्टिन ब्रांकुशी याची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पे असावीत, असा महाराजांचा बेत होता. एक पांढऱ्या, एक काळ्या संगमरवराचे आणि एक ब्राँझचे, अशी तीन शिल्पे घेऊनही झाली. ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला, पण मंदिर काही बांधले गेले नाही. संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत, तर ब्राँझचा अमेरिकेत पॅसाडेनाला.

माणिकबागेत पुढे केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याचे कार्यालय आले. फिरायला जाण्याची ही जागा नव्हे. इंदुरात एकच सकाळ हाती असेल, तर ती लालबागेला द्यावी.