शेठ आमदार होते तेव्हा

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या चिखल्याच्या खाणीतून मँगनीज निघतं, तुमसरच्या बाजारात धान उतरतं आणि उन्हाळा लागला की जंगलातून बिडीसाठी तेंदूपान येतं. त्या पानाच्या धंद्यातला एक माणूस विधानसभेत गेला, त्या काळाबद्दल आमच्याकडची जुनी माणसं आजही भरभरून बोलतात. तो माणूस म्हणजे गोंदियाचे मनोहरभाई पटेल.

तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. 1956 पर्यंत आम्ही जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. चिखल्याच्या खाणीची मालकी विलायती कंपनीकडे, तिचा मालक कधी कुणाला दिसला नाही. बिडीचा शेठ मात्र गोंदियात भेटायचा.

घरोघरी बाया मांडीवर सूप घेऊन बसायच्या. भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, गुंडाळी करून तोंड दुमडायचं आणि दोऱ्याचा वेढा घालायचा. मजुरी हजारावर. ती तुटपुंजीच होती आणि तंबाखूनं छातीही खाल्ली, हे विसरून चालणार नाही. पण आमदाराचा पैसा कुणाच्या हातांतून येतो, हे मत देणाऱ्याला पाठ होतं. ते हात बहुतेक त्याच्याच घरातले असत.

त्या पैशाला मनोहरभाईंनी वाट दिली शिक्षणाची. 1958 मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली. गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय चाललं, तुमसरला सेठ नरसिंगदास मोर यांच्या नावाचं कॉलेज आलं. त्याआधी पुढचं शिक्षण म्हणजे बहुतेकांना नागपूर. तिथली खोली आणि खानावळ खाणकामगाराला कुठून परवडणार? तुमसरला कॉलेज झालं आणि आमच्या गोबरवाहीकडची पोरं सायंकाळी घरी जेवायला येऊ लागली.

1970 मध्ये मनोहरभाई गेले. 1977 मध्ये खाण पूर्णपणे सरकारी झाली, 2010 मध्ये ती चालवणाऱ्या ‘मॉईल’ या सरकारी कंपनीचे शेअर बाजारात आले. 1999 मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर, 2003 पासून, प्रत्येक उमेदवाराला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शेती, गाड्या, सोनं, कर्ज, सगळं मोबाइलवर वाचता येतं. ही मोठीच कमाई आहे. तेव्हाच्या मतदाराला असा कागद कधी मिळाला नाही.

तरी मला तो काळ हवाहवासा वाटतो, कारण तेव्हा शेठच्या श्रीमंतीचा हिशेब त्यानं गावात काय उभं केलं यावरून व्हायचा. आजही 9 फेब्रुवारीला मनोहरभाईंच्या जयंतीला गोंदियात गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदकं देतात. धंद्यातून राजकारणात येणारे पुढेही येतील, यावेत. त्यांचं प्रतिज्ञापत्र चिखल्याच्या मतदारानं जरूर वाचावं. मग त्यांना समोर बसवून विचारावं: भाऊ, आमच्या पोरांसाठी काय उभं करणार?