तमालपत्र

शिजायचे सर्वांबरोबर आणि खाल्ले जायचे नाही, हे भाग्य मसाल्याच्या डब्यात तमालपत्राच्याच वाट्याला विशेषेकरून आले आहे. वेलदोडा कुटला जातो, लवंग चुकून दाताखाली येते. हे पान मात्र तापल्या तुपात पडून भाताला आपला गंध देते आणि ताटाच्या कडेला जाऊन बसते.

दिल्लीत बिऱ्हाड आले आणि या पानाचे नाव बदलले. गोड्या मसाल्याचे साहित्य आणायला फतेहपुरी मशिदीच्या बाजूने खारी बावलीत शिरले, तेव्हा मिरचीच्या खकाण्याने आधी शिंकाच आल्या. नागकेसर नावानिशी मिळाले, दगडफूल 'पत्थर का फूल' झाले. 'तमालपत्र' मात्र दुकानदाराला कळेना. पोत्यातल्या फिकट हिरव्या पानांकडे बोट दाखवल्यावर तो म्हणाला, "तेजपत्ता कहिए ना, बहनजी." मराठी नावात तमाची सावली, तर हिंदीत थेट तेज! संस्कृत काव्यातला तमाल हा सावळा वृक्ष अनेक अभ्यासकांच्या मते निराळाच. आपले झाड दालचिनीच्या कुळातले. हिमालयाच्या उतारांवर आणि ईशान्येच्या डोंगरांत वाढणारे. उत्तराखंडच्या तेजपाताला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

नावांचा हा घोळ जुना आहे. ग्रीक-रोमन व्यापारी 'मालाबाथ्रम' नावाची पाने भारतातून नेत. त्यांपासून सुगंधी तेले बनत. गोव्यात 1563 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने नोंदवले, की ते नाव म्हणजे 'तमालपत्र' या शब्दाचाच अपभ्रंश. अपभ्रंशालाही दोन हजार वर्षांचे आयुष्य लाभते, हे पाहून मला उगीचच बरे वाटले.

युरोपी स्वयंपाकातले 'बे लीफ' हे पुन्हा वेगळे. ते लॉरेल वृक्षाचे. त्याला मधोमध एकच ठळक शीर असते आणि वास निलगिरीकडे झुकतो. आपल्या पानात देठापासून टोकाकडे तीन शिरा धावतात आणि वास दालचिनी-लवंगेचा. आयुर्वेदाने दालचिनी, वेलची आणि हे पान यांना एकत्र 'त्रिजात' म्हटले. नागकेसर मिळाले की 'चातुर्जात'. अन्नाची रुची वाढावी, पचन सुधारावे, ही त्यामागची अपेक्षा. ती मला पटते, कारण ती माफक आहे.

माफक नसते ती शेजारपाजारची वैद्यकी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त पंजाबी गृहस्थांना कोणीतरी सांगितले, की तेजपत्त्याच्या काढ्याने साखर मुळापासून जाते. त्यांनी रोज सकाळी सहा पाने उकळायला घेतली आणि हळूहळू मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी जिन्यात त्यांना घेरी आली आणि पुढचे चार दिवस इस्पितळात गेले. या समजुतीला अगदीच आधार नाही असे नाही. पाकिस्तानात 40 रुग्णांवर, रोज 1 ते 3 ग्रॅम पुडीचा तीस दिवस केलेला एक प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. साखर उतरल्याची नोंद त्यात आहे. पण चाळीस माणसे आणि एक महिना एवढ्या भांडवलावर कोणी औषध टाकून देऊ नये. शिवाय इंग्रजीत दोन्ही पानांना एकच नाव असल्यामुळे एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर सहज जमा होतात. पानाचा दोष तो काय? अख्खे पान गिळले तर घशात अडकते, एवढाच त्याचा स्वतःचा उपद्रव.

त्या गृहस्थांच्या गोळ्या आता पुन्हा सुरू आहेत. काढा त्यांनी सोडलेला नाही. डॉक्टरांना विचारून, एका पानाचा, चहासारखा हौसेने घेतात. पाने मात्र माझ्याकडूनच मागवतात. "आप नसें गिनकर लाती हैं," असे ते सर्वांना सांगतात. आणि मी खरोखरच एखाददुसरे पान उजेडात धरून पाहते.