३५ तासांचा हिशेब

इथे ब्रिटनमध्ये माझी नोकरी सुटली, म्हणून आम्ही युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज भरला. आठवड्याला ३५ तास नोकरी शोधायची अट आली. यांना पक्षाघात झाल्यापासून अंघोळ, औषधं, सूर्यास्ताआधी भरवणं सगळं माझ्याकडेच. तरी 'कुणाची देखभाल करता का?' यापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. नवऱ्याचं करणं हे काय काम झालं?

सामायिकाची ४८ मिनिटं मोजणारी मी, हे तास कधी मोजलेच नव्हते. वहीत मांडले, तर ३५च्या वर! यांना अपंगत्वाचा भत्ता मिळतो. त्यामुळे तसं कळवल्यावर नियमानुसार माझी अट सुटली.

सेवेचा गाजावाजा नको, पण अर्जात खरं लिहा. केलेलं 'नाही' म्हणणं हेही असत्यच ना?