तळ्याकाठचं दृश्य

पावसाळा संपला की मी एक काम नेमाने करतो. कपाटातल्या डीव्हीडी बाहेर काढतो आणि मऊ फडक्याने एकेक पुसतो. आमच्या गोव्याच्या हवेत चपलांना बुरशी येते तशी ती या डिस्कच्या खोक्यांनाही येते. बायको दरवर्षी विचारते, आता या कोण बघतो? प्रश्न रास्त आहे. पण त्यांतली एक डिस्क मी टाकणार नाही.

युनिव्हर्सल कंपनीने २००४ साली आपले जुने भयपट 'लेगसी कलेक्शन' या नावाने डीव्हीडीवर पुन्हा काढले. माझा मावसभाऊ तेव्हा बोटीवर होता. अमेरिकेच्या फेरीत त्याने माझ्यासाठी 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' असे दोन संच आणले. मी हरखून गेलो, आणि पहिल्याच रात्री पडद्यावर सूचना आली की ही डिस्क इथे चालणार नाही. अमेरिकेचा विभाग १, आपला ५. पणजीच्या एका दुकानदाराने रिमोटवर काही आकडे दाबून प्लेअरचं कुलूप उघडून दिलं. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "हें कोणाक सांगूं नाका." एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नसावी.

मला सिनेमापेक्षा त्याच्यासोबतच्या जादा गोष्टींचंच वेड जास्त. 'ड्रॅक्युला'च्या संचात १९३१ सालचा दुसरा अख्खा 'ड्रॅक्युला' आहे, स्पॅनिशमधला. दिवसा बेला लुगोसी आणि मंडळी काम करून गेली की रात्री त्याच सेटवर स्पॅनिश बोलणारे कलाकार यायचे आणि पहाटेपर्यंत चित्रण चालायचं. दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्डला तर स्पॅनिश येतही नव्हतं. त्या चित्रपटाचा हरवलेला भाग पुढे क्यूबात, हवानाच्या संग्रहात सापडला. माझं मत विचाराल तर कॅमेरा रात्रपाळीवाल्यांचा अधिक जिवंत आहे. पण लुगोसी तो लुगोसीच.

असो. सांगायचं आहे ते 'फ्रँकेन्स्टाइन'विषयी.

पप्पांनी तो साठच्या दशकात मुंबईला नोकरीत असताना मॅटिनीला पाहिला होता. आम्हां भावंडांना पाण्यापासून लांब ठेवायला ते त्यातली गोष्ट रंगवून सांगत. राक्षस तळ्याकाठी येतो, तिथे एक लहान मुलगी एकटी खेळत असते, तो तिच्याकडे हात पुढे करतो... एवढं सांगून पप्पा थांबत. पुढचं दृश्य म्हणजे मुलीचा बाप तिचं प्रेत हातांवर घेऊन गावच्या जत्रेतून चालत येतो. केस विस्कटलेले, एक मोजा घसरलेला. मधे काय झालं ते पप्पांनी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे नको नको ते मनात यायचं, त्यांच्याही आणि आमच्याही.

पाहिलं नव्हतं, कारण ते प्रतीत नव्हतंच. जेम्स व्हेलने १९३१ साली ते पूर्ण चित्रित केलं होतं. तीसच्या दशकात चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना हॉलिवूडच्या नव्या आचारसंहितेपायी ते कापलं गेलं. नंतरच्या पिढ्यांनी पाहिला तो असा कापलेला. तुकडा परत जोडला गेला तो १९८०च्या दशकात, व्हिडिओसाठी चित्रपट दुरुस्त करताना. शास्त्रज्ञ आपली तुलना देवाशी करतो ते वाक्यही असंच गडगडाटाखाली दाबलेलं होतं. तेही या डिस्कवर ऐकू येतं.

२००६च्या गणपतीनंतर एका रविवारी मी पप्पांना घेऊन बसलो. दृश्य आलं. मुलगी राक्षसाला घाबरत नाही. त्याला फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, ती तरंगतात, आणि बोरिस कार्लोफचा तो शिवलेला चेहरा चक्क हसतो. फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो, मग मुलीकडे. ही पण फुलासारखीच तरंगेल असं समजून तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती वर येत नाही. तो पाण्यात हात घालून चाचपडतो आणि कावराबावरा होऊन झाडीत पळत सुटतो. बस्स, एवढंच.

पप्पा म्हणाले, "मागें घाल." मी पुन्हा लावलं. मग म्हणाले, "म्हणजे ताका खबरच नासली."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तो खंय गेलो रे मागीर?"

मला वाटलं राक्षसाविषयी विचारताहेत. पण ते आमच्या वाड्यावरच्या एका माणसाविषयी विचारत होते. नाव लिहीत नाही. तो डोक्याने जरा मंद, मोठ्यांत न रमणारा, सदा पोरांत असायचा. मी आठेक वर्षांचा असताना मानशीपाशी एक मुलगा बुडाला. हा काठावर ओल्या कपड्यांनी सापडला. त्याला धड सांगता आलं नाही. लोकांनी मधलं आपल्या मनाने भरलं. पोलिसांना काही सापडलं नाही, पण त्या आठवड्यात दहा-बारा जण त्याच्या घरी गेले आणि त्याला गावातून जायला लावलं. त्या दहा-बारांत पप्पा होते, हे मला आईकडून माहीत होतं. त्यांच्या तोंडून एक शब्दही कधी निघाला नव्हता.

"तो ताका काडूंक गेल्लो आसतलो," पप्पा म्हणाले. "कपडे ओले आशिल्ले."

मी पुढे कार्लोफवरचा माहितीपट लावणार होतो. हे दृश्य करणं त्याला स्वतःला पसंत नव्हतं असं अभ्यासक सांगतात, ते मला पप्पांना ऐकवायचं होतं. ते उठून बाल्कांवात जाऊन बसले.

पुढच्या रविवारी पप्पा त्या माणसाच्या बहिणीकडे गेले. ती शेजारच्या गावात राहायची. जाताना बागेतला केळ्यांचा फणा पिशवीत घातला. तासाभराने आले, पिशवी रिकामी होती. जेवताना एवढंच सांगितलं की तो बेळगावकडे कुठल्याशा हॉटेलात भांडी घासायचा, आणि तिथेच वारला, त्याला सहा वर्षं झाली.

पप्पा २०१४ साली गेले. त्यांनी तो चित्रपट पुन्हा लावायला सांगितलं नाही आणि मीही लावला नाही. डिस्क यंदाही पुसून ठेवली आहे. कडेला एक पांढरा डाग पडू लागलाय, पण तो अजून आतवर गेलेला नाही.