माझं वजन कुणी विचारलंच नाही

त्या दुकानातला अर्धा तास आठवला की आजही माझं डोकं तापतं. बोर्ड माझ्यासाठी घ्यायचा होता, लाटेवर मी जाणार होते, पैसेही माझ्याच पगारातले होते. आणि विक्रेत्याने जे काही विचारायचं ते सगळं माझ्या नवऱ्याला विचारलं. ‘सर, वजन किती तुमचं?’ ‘शहाऐंशी.’ ‘मग हा घ्या, साडेदहा फुटी. सगळीकडे चालतो.’ मी मध्ये पडून सांगितलं की बोर्डवर उभी मी राहणार आहे, आणि मला तो लहान लाटांसाठी हवा आहे. त्यावर तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘मॅडमना तर अजून सोपा जाईल. एवढा मोठा आहे की हलणारच नाही.’

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. आमचं घराणं धारचं, पवारांच्या काळापासूनचं. घरात मराठी, दाराबाहेर माळवी. नोकरीमुळे मी बागला आले आणि इथेच शाळेत शिकवते. बाग म्हटलं की लोकांना लेणी आठवतात नाहीतर छापाचं कापड. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण लेक गोव्यात नोकरीला लागली, पेडणे तालुक्यात राहायला गेली, आणि सुट्टी लागली की माझा मुक्काम मोरजी-आश्वे-मांद्र्याच्या पट्ट्यात पडू लागला. बोर्डवर उभं राहून वल्हवायला मी शापोरा नदीच्या शांत पाण्यात शिकले. मग एका सकाळी समुद्रात एका बाईला त्याच प्रकारच्या बोर्डवरून गुडघ्याएवढ्या लाटेवर लांबवर घसरत येताना पाहिलं आणि ठरवलं, हे मला यायलाच हवं. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होती.

आता त्या लाटांविषयी, कारण दुकानात माझ्याइतकाच दुर्लक्षित राहिलेला विषय तो होता. विक्रेत्याने मोबाइलवर जे व्हिडिओ दाखवले ते हवाई बेटांवरचे होते. आपला समुद्र तसा नाही. जून ते सप्टेंबर तो खवळलेला असतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि माझ्यासारखीने पाण्यात पाऊलही घालू नये. ऑक्टोबर ते मे या काळात जी मिळते ती बहुतेक वेळा गुडघ्या-कमरेएवढी, मऊ, लवकर दम सोडणारी लाट. एकाच उंचीच्या दोन लाटांमध्ये जिचा काळ मोठा, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला जास्त सेकंद लागतात, तिच्यात जोर जास्त. महासागर ओलांडून आलेली लाट चौदा-पंधरा सेकंदांची असू शकते. जवळच्या वाऱ्याने उठवलेली पाच-सहा सेकंदांची. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी नोंदवलं आहे की हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या ‘शमाल’ वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचतात. त्याही अशाच आखूड काळाच्या. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेच्या सागरी अंदाजात उंची आणि काळ दोन्ही आकडे मिळतात. लोक फक्त उंची बघतात. काळ बघा.

अशी अशक्त लाट बोर्डला ढकलत नाही. बोर्डनेच तिला पकडावं लागतं. म्हणून बोर्ड सपाट हवा. पुढचं टोक फार वर वळलेलं असेल, ज्याला रॉकर म्हणतात, तर ते समोरचं पाणी रेटत बसतं आणि लाट खालून निघून जाते. मोठ्या, उभ्या लाटेत तो बाक लागतो, नाहीतर टोक पाण्यात घुसतं. आपल्याकडे तो अडथळा ठरतो. मागचं टोक रुंद हवं, कारण कमी जोराच्या लाटेला उचलायला तेवढं क्षेत्र लागतं. आणि कडा पातळ हव्यात, म्हणजे वळताना पाण्यात रुतून धरतील.

आम्हांला विकलेल्या बोर्डमध्ये यातलं फक्त सपाटपण होतं. हवा भरायचा बोर्ड, साडेदहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद, सहा इंच जाड. घनफळ तीनशे लिटरच्या आसपास. गुंडाळून पिशवीत बसतो, विमानात नेता येतो, आणि नवऱ्याला आवडलं ते हेच. त्याचाही दोष नाही, प्रवासाचा विचार कुणीतरी करायला हवाच होता. पण जो बोर्ड गुंडाळता येतो त्याची कड सगळीकडून सारखीच जाड आणि गोल असते. ती पाण्यात रुतत नाही.

पहिल्या मोसमात काय झालं ते मी तपशिलाने सांगणार आहे, कारण ते कुणी सांगत नाही. कमरेपर्यंत पाण्यात बोर्ड नेताना प्रत्येक फेसाळ लाट त्याला पालथा घालायची. चौपन्न किलोच्या बाईने तीनशे लिटर हवा लाटांतून पुढे ढकलायची म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. कशीबशी बाहेर पोचले, उभी राहिले, लाट आली, वल्हं मारलं, बोर्ड लाटेवर चढलाही. चढल्यावर तो सरळ किनाऱ्याकडे सुटला. वळवायला मागे सरकावं, वजन एका बाजूला टाकावं, असं पुस्तकात सांगतात तसं मी केलं. माझ्या वजनाने ती कड पाण्याखाली जाईचना. मी बोर्डवर होते आणि बोर्डला त्याचा पत्ताच नव्हता. समोर एक लहान मुलगा फोमच्या बोर्डवर होता. मला वळता येईना, म्हणून मी स्वतःला पाण्यात टाकलं. अशा लाटेत पाणी किती असतं? लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर आली की फुटते. म्हणजे दोन फुटांची लाट अडीच फूट पाण्यात. मी कुशीवर पडले, खांद्याला वाळू लागली, पायाला बांधलेल्या दोरीने बोर्ड मागे खेचला गेला आणि डोक्यावरून गेला. मुलाला काही झालं नाही.

त्या रात्री लेक म्हणाली, ‘आई, तुझं वय झालंय, नदीतच फिरत जा.’ नवरा म्हणाला, ‘सराव कर, जमेल.’ मी वाईट वाटून घेतलं ते मुलीच्या बोलण्याचं. खरं तर दोघांच्या बोलण्यात एकच गृहीत होतं: बोर्ड ठीक आहे, कमी मी आहे. माझीही तशी खात्री होत चालली होती. बागला परतल्यावर मी वजनं उचलायला लागले, सकाळी बागिणी नदीच्या काठाने पळायला लागले. नदीत गुडघाभर पाण्यात कापड धुणारे कारागीर माझ्याकडे बघत राहायचे. ताकद वाढली, ते चांगलंच झालं. बोर्ड मात्र तस्साच सरळ जात राहिला.

पुढच्या मोसमात आश्व्याला एका शिकवणाऱ्या मुलाने मला थांबवलं. पेडण्याचाच, रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमार घरातला. त्याने बोर्ड हातात घेतला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, ‘काकी, वजन किती तुमचं?’

‘चौपन्न.’

‘कुणी निवडला हा?’

मी सांगितलं. तो म्हणाला, ‘हा तुमचा नव्हेच.’

एवढंच. मला तिथे वाळूत बसावंसं वाटलं. कितीतरी काळ मी स्वतःला दोष देत होते, आणि या मुलाने एका प्रश्नात तो उतरवला. 

लाटांसाठीचा बोर्ड निवडायचा त्याचा हिशेब सोपा होता, आणि नंतर मी जे वाचलं त्याच्याशी तो जुळला. आपलं किलोतलं वजन घ्यायचं. नवशिक्याने त्यात चाळीस-पन्नास मिळवायचे, हात बसलेल्याने पंचवीस-तीस. तेवढे लिटर. म्हणजे मला शंभरच्या आसपास पुरत होते, आणि मी त्याच्या तिप्पट ओढत होते. शेवटी मी वापरलेला, कडक बोर्ड घेतला: साडेआठ फूट, तीस इंच, एकशेपाच लिटर. आत थर्माकोलसारखा गाभा, वर इपॉक्सीचा कडक थर. पुढचं टोक भरीव, मागचं रुंद, खाली चार लहान फिन. मधली लांब फिन नाही, म्हणून उथळ पाण्यात वाळूला लागत नाही आणि अशक्त लाटेत वेगही बरा राहतो. हा बोर्ड लेकीच्या घरी सावलीत असतो. कडक बोर्ड उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, आतली हवा फुगून वरचा थर सुटतो. बागच्या मे महिन्यात त्याचं काय झालं असतं याचा विचारही नको.

त्यावरून मी पहिल्यांदा डावीकडे वळले तेव्हा लाट जेमतेम गुडघ्याएवढी होती. उजवा पाय मागे घेतला, टाचेवर भार दिला, कड पाण्यात गेली आणि बोर्ड माझ्या बाजूने झुकला. बस. किनाऱ्यावरच्या कुणाला कळलंही नसेल. मी मात्र थरथरत होते.

आता हे वाचून मोठे बोर्ड टाकून द्यावेत असं कुणाला वाटेल, तर थांबा. एका मार्चमधल्या सकाळी भांगाची भरती होती, पाण्यात जीव नव्हता, मतलई वारा पडत आलेला. माझा साडेआठ फुटी बोर्ड एकही लाट पकडेना. लाट फुटायच्या आधी दहा-पंधरा हात फक्त फुगवटा असतो, तो पकडायला लांबी लागते. लेकीने तो जुना साडेदहा फुटी फुगवून आणला आणि त्याच पाण्यात तिला लाटेमागून लाट मिळत गेली, सरळ का होईना. मी तो मागून घेतला आणि सकाळभर परत दिला नाही. त्या दिवशी मला त्याच्यावर लोभच जडला. अशा पाण्यासाठी साडेनऊ-दहा फुटी, पण कडक आणि पातळ कडांचा, लाँगबोर्डच्या घाटाचा बोर्ड सगळ्यांत चांगला, असं माझं आताचं मत आहे. पुढे बदलेलही.

राग बोर्डवर नव्हताच म्हणा. हा खेळ आजच्या रूपात २००० सालाच्या सुमारास हवाईत पुढे आणला तो लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी. हॅमिल्टन सहा फूट तीन इंचांचा माणूस. त्याच्या मापाचे बोर्ड बनले, त्याच मापाची चित्रं दुकानांत लागली, हे समजण्यासारखं आहे. पण २०२४ च्या मार्चमध्ये मंगळुरूजवळ ससिहित्लूला इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला, त्यात स्त्रियाही शर्यतीत उतरल्या. लहान मापाचे बोर्ड जगात बनतात. आपल्या किनाऱ्यावरच्या दुकानांत ते मागवले जात नाहीत, कारण घेणारा ‘सर’ असतो असं धरून चाललेलं असतं. याला मी अन्यायच म्हणेन. शिवणयंत्र घेताना कुणी नवऱ्याच्या पायाचं माप घेत नाही.

थोडं वल्ह्याविषयी, कारण तिथेही हेच होतं. शांत पाण्यात वल्हं आपल्या उंचीपेक्षा वीसेक सेंटिमीटर लांब चालतं. लाटेत आपण गुडघे वाकवून असतो, म्हणून उंचीपेक्षा पाच ते दहा सेंटिमीटरच जास्त ठेवावं. मी एकशेपंचावन्न, माझं वल्हं एकशेबासष्ट. पायाची दोरी लाटेत सरळ आणि घोट्याला. वाहत्या नदीत मात्र घोट्याला कधीच बांधू नका, ती झाडाझुडपात अडकली की सोडवता येत नाही. तिथे कमरेचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा लागतो. नदीवरून आठवलं: आमच्याकडचं निसरपूर गाव २०१९ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं, तेव्हापासून कुक्षीकडे बरंच शांत पाणी आहे, लोक मला विचारतात तिथे का नाही जात. माझ्या ओळखीच्यांची घरं आहेत त्या पाण्याखाली. मी जात नाही.

समुद्रात रापण पडलेली असेल तर पाण्यात उतरू नका, त्यांचं पोट आहे ते. आणि उभ्याने वल्हवणाऱ्याला लाट लांबून दिसते, आधी मिळते, म्हणून सगळ्या लाटा आपणच घेऊ नयेत. लहान बोर्डवरची पोरं वाट बघत असतात.

पेडण्याच्या किनाऱ्यावर बोर्ड विकणाऱ्यांना आणि भाड्याने देणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. तुमच्या झोपडीत शंभर-एकशेदहा लिटरचा कडक, सपाट, रुंद शेपटाचा एक तरी बोर्ड ठेवा, आणि एकशेसाठ सेंटिमीटरपर्यंत उतरणारी दोन वल्ही. माझ्या उंचीच्या, वजनाच्या बाया दर सुट्टीत तिथे येतात आणि मोठ्या बोर्डवर एकदा पडून परत जातात. मोसम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. पावसाळ्यात मागवलेत तर वेळेवर येतील.